नऊ मशिनं, एक नाव

चांगुलपणा करावा, पण त्यावर आपलं नाव टाकू नये, हे फूटपट्टीकाकांना कोणी वेळेवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

काका एका कंपनीत नकाशे तपासायचे. मोठ्या इमारतींमध्ये पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ कुठून कसे न्यायचे, याचे नकाशे तिथे तयार होत. आठ जण ते काढायचे आणि नववे काका ते तपासायचे. संगणकात सगळं मोजायची सोय होती, पण काका नकाशा कागदावर छापून घेत आणि वर पट्टी ठेवून बघत. त्या पट्टीवर त्यांचा जितका विश्वास होता तितका सख्ख्या भावावरही नव्हता. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत आणि तोंडावर काका. एकदा एका रुग्णालयाच्या नकाशात सांडपाण्याचा नळ चक्क चढावर निघालेला त्यांनी पकडला होता. "पाणी उताराने जातं, आपल्या हुशारीने नाही," असं ते तेव्हा म्हणाले, आणि पुढची एकोणीस वर्षं म्हणत राहिले.

ऑफिस नऊचं, पण काका पावणेआठलाच हजर. घरी थांबायची सोय नव्हती. काकू म्हणायच्या, "तुम्ही घरात असलात की मला कामं सुचत नाहीत, तुम्हाला सुचतात." तेव्हा काका आपले डबा घेऊन निघत.

ऑफिसातली मशिनं जुनी होती आणि नकाशे काढायचा प्रोग्रॅम अवजड. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत पाऊण तास नाही, तरी चांगली वीस मिनिटं जायची. गजर झाला तरी कूस बदलून झोपणाऱ्या माणसासारखी ती मशिनं. लोक नऊला येत, बटण दाबत आणि वीस मिनिटं चहा ढोसत गप्पा मारत. ते बघून काकांचा जीव वरखाली व्हायचा. म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी एक नेम सुरू केला. सकाळी आल्याआल्या सगळी मशिनं चालू करून ठेवायची.

मशीन चालू करायचं तर नाव आणि पासवर्ड लागतो. आता दुसऱ्याचा पासवर्ड मागणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं, असं काकांचं ठाम मत. तेव्हा त्यांनी सरळमार्गी माणसालाच सुचेल असा वेडेपणा केला. नऊच्या नऊ मशिनांवर त्यांनी आपलंच नाव आणि आपलाच पासवर्ड टाकला. नऊला लोक येत तेव्हा नकाशा उघडायला तयार असे. ते बंद करून, आपलं नाव घालून, पुन्हा वीस मिनिटं वाट बघायला कोणाला हौस आली होती? पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं म्हणाले, "काका, कशाला एवढा त्रास घेता?" दुसऱ्या आठवड्यात कोणी काही म्हणालं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक मशीन चुकून बंद राहिलं तर लगेच हाक आली, "काका, आज माझं राहिलं वाटतं?"

दुसऱ्याच्या नावाने काम करायचं नाही, असा नियम होता. त्या नियमाच्या कागदावर नऊही जणांच्या सह्या होत्या, काकांचीसुद्धा. तो कोणी वाचला होता म्हणाल, तर सही कुठे करायची ते दिसण्यापुरता.

चार वर्षं काकांनी एक रजा घेतली नाही आणि हे बिनबोभाट चाललं. मग एका सोमवारी साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. तिथे मुख्य ऑफिसातून आलेल्या एक मॅडम बसल्या होत्या. कंपनीचं सगळं नेटवर्क त्या सांभाळत. तिशीच्या असतील, मांडीवर संगणक आणि चेहऱ्यावर काही नाही.

"काका, तुम्हाला सिनेमे आवडतात का हो?" साहेबांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "मला झोप लागते."

हे अक्षरशः खरं होतं. पडद्यावर नावांच्या पाट्या संपायच्या आत काकांची मान खाली गेलेली असायची. पण साहेबांना ते उत्तर उद्धट वाटलं.

मॅडमनी संगणक त्यांच्याकडे वळवला. "गेल्या सात महिन्यांत या ऑफिसच्या नेटवर्कवरून दोनशे चौदा सिनेमे बेकायदा उतरवले गेलेत. नुसते उतरवले नाहीत, इथूनच पुढे हजारो लोकांना वाटलेही गेलेत. सिनेमाच्या मालकांच्या वकिलाची नोटीस आली आहे. आमच्या नोंदी बघितल्या, तर प्रत्येक वेळी एकच नाव आहे. तुमचं."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. खरं तर कारण त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, पण कळलेलं तोंडातून बाहेर यायला वेळ लागला.  मग सकाळचा आपला नेम त्यांनी सांगितला. मशिनं, वीस मिनिटं, चहा, सगळं.

साहेब दहाला यायचे, त्यामुळे त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "म्हणजे तुम्ही आपला पासवर्ड सगळ्यांना वाटत होता?"

"पासवर्ड नाही वाटला, साहेब. मशिनं चालू करून देत होतो."

"तुम्ही म्हणता ते खरं असेल," मॅडम म्हणाल्या. "पण बाहेर जाताना नऊही मशिनं एकाच पेटीतून जातात आणि ती पेटी फक्त नाव लिहून ठेवते. मशिनं मी बघितली. रोज संध्याकाळी ती आपोआप साफ होतात, तिथे काही उरलेलं नाही. तेव्हा मी तुमच्या नावाने काम करत होतो, असं कोणीतरी लेखी द्यायला हवं. मात्र जो देईल त्याच्या सर्व्हिस बुकात शेरा जाईल आणि यंदाची बढती थांबेल. नियम तसा आहे."

काकांनी दाराबाहेरच्या टेबलांकडे बघितलं. मग म्हणाले, "मग मी कोणाला विचारणार नाही."

हा मानीपणा होता की मूर्खपणा, यावर काकूंचं मत पुढे येईलच.

मॅडम बाहेर गेल्यावर साहेबांनी आवाज मऊ केला. "काका, तुमचं दीड वर्ष राहिलंय. गुरुवारी चौकशी आहे. त्याआधी स्वतःहून राजीनामा दिलात तर मी प्रकरण वाढू देणार नाही. नाहीतर काढून टाकल्याचं पत्र निघेल. ते तुम्हालाही नको आणि मलाही नको."

काका आपल्या टेबलाशी परत आले तेव्हा त्यांचं मशीन उचलून नेलेलं होतं. एकोणतीस वर्षांची नोकरी. पण नोकरीपेक्षा त्यांना दुसरंच काही टोचत होतं. प्रत्येक नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात 'तपासले' असं छापलेलं असे आणि पुढे काकांची सही. ती सही बघून दूर कुठेतरी कोणी कामगार भिंत फोडत असे आणि तिथे नळ घालत असे. त्याने काकांना कधी पाहिलेलं नसे. चोराच्या सहीवर उद्या कोण भिंत फोडणार?

संध्याकाळी काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग घर डोक्यावर घेतलं.

"दोनशे चौदा सिनेमे? अहो, लग्न झाल्यापासून आपण पाहिलेले सगळे मिळून चौदा भरणार नाहीत, आणि त्यातले निम्मे तुम्ही झोपून पाहिलेत! चोर सोडून संन्याशाला सुळी, अशातली गत. आणि म्हणे मी कोणाला विचारणार नाही! का नाही विचारणार? त्या आठ जणांना रोज आयतं ताट वाढून दिलंत ना? मग आता वाढणाऱ्याचा हात भाजलाय, तर खाणाऱ्यांनी बोलायला नको?"

"त्यांची बढती जाईल, अगं."

"आणि तुमची अब्रू?"

 काकांनी जेवणही धड केलं नाही. काकूंनी भाजी पुन्हा वाढली, ती तशीच राहिली.

मंगळवारी सकाळी काका पावणेआठला गेले, पण हात लावायला काही नव्हतं. त्यांचं नाव नेटवर्कवरून बंद केलेलं होतं. नऊला एकेक जण आला, खुर्चीत बसला, आणि समोरचा काळा पडदा बघून दचकला. त्यानंतर ऑफिसात जे झालं ते बघून एरवी काका पोट धरून हसले असते. आठांतल्या एकालाही स्वतःचा पासवर्ड आठवत नव्हता. कोणी मुलांच्या जन्मतारखा घालून बघितल्या, कोणी गाडीचा नंबर. एकाने मोठ्या उत्साहाने कीबोर्ड उलटा केला. खाली खरोखर चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'पासवर्ड उद्या बदलणे.' तीनदा चुकल्यावर मशीन म्हणालं, आता अर्ज भरा. तेव्हा आठही जणांनी अर्ज भरले. अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. तो भरताना आठही माना खाली होत्या, आणि काकांच्या टेबलाकडे बघायची कोणाची हिंमत नव्हती.

काका मात्र सगळ्यांकडे बघत होते. दुसरं करायला होतं काय? रिकाम्या टेबलाशी बसून माणूस दोनच गोष्टी करू शकतो, झोपू शकतो किंवा संशय घेऊ शकतो. झोप सिनेमाला यायची, इथे येईना.

खाई त्याला खवखवे म्हणतात. काका कोण खवखवतंय ते बघू लागले, आणि काय सांगावं, त्यांना आठांतले सात खवखवताना दिसले! हा आज तीनदा पाणी प्यायला का गेला? तो फोन घेऊन बाहेर का पळतोय? ही दुपारी पडदा भिंतीकडे का वळवते? एकोणतीस वर्षं नकाशांतल्या चुका काढलेला माणूस तो. आता माणसांतल्या काढायला बसला, आणि चुकांना काय तोटा?

सगळ्यात जास्त चुका निघाल्या तिखटबाईंच्या. तिखटबाई ही नकाशे काढणाऱ्यांतली सगळ्यात जुनी बाई. जीभ अशी की साहेबसुद्धा तिच्याशी बोलायच्या आधी विचार करत. दोन महिन्यांपूर्वी काकांनी तिच्या एका नकाशात अकरा चुका काढल्या होत्या आणि त्या सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या होत्या. तेव्हापासून ती काकांशी कामापुरतंही बोलत नव्हती, नकाशा टेबलावर आपटून जायची. दुपारी डबा खाताना कानांत इअरफोन घालून ती पडद्यावर काहीतरी बघत बसे. काकांनी दोन आणि दोन मिळवले. काकांच्या मते चार झाले.

आठवा होता लांबट. उंचीने साडेसहा फूट आणि आवाजाने मांजराचं पिल्लू. काकांच्या शेजारच्याच टेबलाशी बसे. त्याला उतार धरायला काकांनीच शिकवलं होतं आणि तो रोज अकराला काकांसाठी चहा आणायचा. मंगळवारीही आणला. ठेवताना निम्मा चहा बशीत सांडला. "राहू दे रे," काका म्हणाले. माझ्यासाठी याचा जीव किती तुटतोय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचे डोळे ओलावले. लांबट पडलेल्या तोंडाने जागेवर जाऊन बसला.

बुधवारी संध्याकाळी काका जेवणाच्या टेबलावर लेखी खुलासा लिहायला बसले. राजीनामा द्यायचा नाही, हे काकूंनी ठरवून टाकलं होतं. पण काय लिहायचं, हे काकांनाच ठरवायचं होतं.

"ज्याचा संशय आहे त्याचं नाव लिहा," काकू म्हणाल्या. "तुम्ही स्वतःला वाचवायचं नाही, तर काय शेजाऱ्यांनी वाचवायचं?"

काकांनी लिहिलं. सकाळचा नेम लिहिला, नऊ मशिनं लिहिली, आणि शेवटी लिहिलं, 'माझा संशय पुढील व्यक्तीवर आहे.' पुढे तिखटबाईंचं पूर्ण नाव. लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी कागद पुन्हा वाचला. बाईला सिनेमे उतरवताना मी पाहिलं आहे का? नाही. मोजलं आहे का? नाही. न मोजलेल्या नळाखाली त्यांनी जन्मात सही केली नव्हती. कागद फाडून त्यांनी नवा घेतला आणि शेवटची ओळ सोडून बाकी सगळं पुन्हा लिहिलं.

"तुम्ही ना," काकू म्हणाल्या, आणि दिवा त्यांच्या बाजूला सरकवला.

गुरुवारी अकरा वाजता चौकशी सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि मॅडम, दुसऱ्या बाजूला एकटे काका. साहेबांनी खुलासा वाचला आणि बाजूला ठेवला. "याला पुरावा काय? तुमच्या तोंडच्या शब्दाशिवाय काही नाही."

"एक गोष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आठ कागद काढून ओळीने मांडले. "मंगळवारी सकाळी यांचं नाव बंद होतं. त्याच सकाळी माझ्याकडे या ऑफिसातून पासवर्डचे आठ अर्ज आले."

"लोक विसरतात हो," साहेब म्हणाले.

"एकाच सकाळी आठ जण? बरं, विसरले. मग मी नोंदी काढल्या. यांतल्या एकानेही गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या नावाने मशीन उघडलेलं नाही. आणि नकाशे तर रोज होत होते." त्यांनी शेवटचा कागद उचलला. "सात अर्जांत कारण लिहिलंय, 'विसरलो', 'विसरले'. आठव्यात काय लिहिलंय ते वाचते. 'गेली चार वर्षं पासवर्ड लागलाच नाही. रोज सकाळी तपासणीचे काका आपल्या नावाने माझं मशीन चालू करून ठेवत. मी ते बंद न करता त्यांच्याच नावाने काम केलं. आमच्या इथे सगळेच करतात.'"

काकांनी विचारलं नाही कोणाचा अर्ज. ते अक्षर त्यांनी उलट्या बाजूनेसुद्धा ओळखलं. त्या अकरा चुकांच्या दुरुस्त्या त्याच अक्षरात लिहून आल्या होत्या.

साहेबांनी तिखटबाईंना बोलावलं. ती आली ती दार उघडं टाकूनच.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"एवढं वाईट अक्षर दुसऱ्या कोणाचं असणार?"

"याचा परिणाम काय होईल, माहीत आहे ना? शेरा जाईल. बढती थांबेल. यंदा तुमचाच नंबर होता."

"नियमावर सही केली तेव्हा वाचला नव्हता," तिखटबाई म्हणाली. "मंगळवारी अर्ज भरायच्या आधी वाचला. मग लिहिलं."

दार उघडंच होतं. बाहेर टेबलाटेबलाशी सगळं ऐकू जात होतं. आधी एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग दुसरी. तीनदा पाणी प्यायला जाणारा आत आला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्या अर्जात दुरुस्ती करायची आहे." फोन घेऊन पळणारा त्याच्या मागे होता. पाच मिनिटांत त्या लहानशा खोलीत माणसं मावेनाशी झाली. कोणी भाषण केलं नाही. प्रत्येक जण आपला अर्ज उचलायचा, 'विसरलो' खोडायचा, खरं लिहायचा आणि सही करून भिंतीला टेकून उभा राहायचा. काका मान खाली घालून टेबलाच्या कडेकडे बघत होते. वर बघितलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून नव्हे. रडू तर केव्हाच आलं होतं.

मॅडमनी कागद गोळा केले. "माझं काम झालं. ज्या नावाने नऊ जण काम करत होते ते नाव पुरावा म्हणून चालणार नाही. यांच्यावरचा आरोप मी काढून टाकते. मात्र पासवर्ड उघडा ठेवल्याचा शेरा यांनाही मिळेल."

"मिळू दे," काका म्हणाले. तो शेरा त्यांना त्या क्षणी बक्षिसासारखा वाटला.

"आणि सिनेमे?" साहेबांनी विचारलं.

"नऊ जणांपैकी कोणीही असेल. आता ते शोधता येणार नाही. कंपनी माफी मागून नोटीस मिटवेल."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. फाइल मिटायला हात पुढे केला, तेवढ्यात मांजराच्या पिल्लाचा आवाज आला.

"मी आहे तो."

लांबट दाराच्या चौकटीत मान वाकवून उभा होता. सगळ्यांच्या शेवटी आला होता. मग तो बोलायला लागला आणि थांबेचना. त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची मनाई केली होती. दिवसभर भिंतीकडे बघून ती रडायची. म्हणून पहिल्यांदा एक सिनेमा नेला पेन ड्राइव्हवर. मग रोज एक-दोन. बाळ झालं, ती उठून हिंडूफिरू लागली, तरी सवय सुटली नाही. तो प्रोग्रॅम घेताना दुसऱ्यांना देतोही, हे आपल्याला नोटीस आल्यावर कळलं म्हणाला. "सोमवारी बोलायला हवं होतं. तीन दिवस काकांना चहा देत होतो आणि बोलत नव्हतो. आता यांनी सगळ्यांनी काकांसाठी स्वतःवर घेतलं. माझं पापही त्यांच्यावर जावं, हे मला चालणार नाही."

काकांना राग आला. आला, हे लपवायचं कारण नाही. उठून त्या साडेसहा फुटाच्या कानशिलात द्यावी असं वाटलं, आणि त्यासाठी खुर्चीवर चढावं लागलं असतं. पण त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की हा आता सुटला होता. एक मिनिट गप्प राहिला असता तर आयुष्यभरासाठी सुटला असता. न सुटणं त्याने स्वतः निवडलं होतं.

"साहेब," काका म्हणाले, "याला काढू नका. याचे नकाशे चांगले असतात."

साहेबांनी काढलं नाही. दोन महिने बिनपगारी घरी बसवलं. काकू नंतर म्हणाल्या, तान्ह्या बाळाच्या घरी दोन महिने बसणं ही शिक्षा आहे की रजा, ते त्याच्या बायकोला विचारा. गुरुवारी संध्याकाळी मात्र त्यांनी फक्त काकांचा चेहरा बघितला, खुर्चीवर बसल्या आणि पदराने स्वतःचंच तोंड पुसत राहिल्या. मग रोजच्यापेक्षा जास्त जेवण झालं होतं, ते दोघांनी मिळून संपवलं.

शुक्रवारी चहाच्या वेळी काका उभे राहिले. त्यांना सगळ्यांचे आभार मानायचे होते. सकाळी त्यांनी ते मनाशी घोकलंही होतं. "तुम्ही सगळ्यांनी," अशी सुरुवात केली, आणि पुढचं घोकलेलं सगळं पळालं. जे तोंडातून आलं ते वेगळंच होतं.

"तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी शेरा घेतलात. आणि मी तीन दिवस त्या टेबलावर बसून तुमच्यात चोर शोधत होतो. एकेकाला धरलं. फक्त ज्याने केलं होतं त्याला सोडलं." कोणीतरी हसलं. काकांना हसू आलं नाही. ते तिखटबाईंकडे वळले. "आणि बाई, तुमचं तर मी नाव लिहिलं होतं. खुलाशात. कागद फाडला, पण लिहिलं होतं. हे तुम्हाला न सांगता मला तुमचे आभार मानता येणार नाहीत."

 तिखटबाईंनी कप खाली ठेवला. आता जीभ सुटणार, म्हणून दोघं जण जरा मागेच सरले.

"मी सोमवारी घरी जाऊन नवऱ्याला काय सांगितलं, सांगू?" ती म्हणाली. "म्हटलं, आमचे फूटपट्टी पकडले गेले. दुसऱ्यांच्या चुका काढतात आणि स्वतः हे धंदे. काल त्या लांबटाने तोंड उघडेपर्यंत मला वाटत होतं, तुम्हीच केलंय."

काकांना काही कळेना. "मग अर्जात ते का लिहिलंत? मंगळवारी?"

"सिनेमे तुम्ही उतरवलेत की नाही, ते मला माहीत नव्हतं. मशीन रोज तुम्ही चालू करून ठेवायचात, ते माहीत होतं. जे माहीत होतं, तेवढं लिहिलं. तुम्ही मला आवडता की नाही, हा रकाना अर्जात नव्हता."

काका तिच्याकडे बघत राहिले. आपल्यावर विश्वास ठेवणारं माणूस आपल्या बाजूने बोलतं, यात नवल नाही. काकू बोलल्या होत्याच. पण या बाईला ते चोर वाटत होते, ते तिला आवडतही नव्हते, आणि तरीही बढती गमावून तिने त्यांच्या बाजूचं खरं लिहून दिलं होतं. एवढं मोठं देणं त्यांना आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. आपण कधी कोणाला दिलं असतं का, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी आभार मानायला तोंड उघडलं, पण ओठ नुसतेच हलले आणि डोळे वाहायला लागले.

"अहो, डोळे पुसा आधी," तिखटबाई दबक्या आवाजात म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू देत," काका म्हणाले.